सणासुदीची गोळी

श्रावण सरत आला की लालबागमध्ये दोन गोष्टींचा खप वाढतो. एक मखराचं सामान आणि दुसरी ती गोळी. मखराचं सामान लोक घासाघीस करून घेतात आणि खांद्यावर मिरवत घरी नेतात. गोळी मात्र मेडिकलवाला न बोलता खाकी पाकिटात घालतो आणि बाई ते पाकीट भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली दडवते. बाईने काय चोरी केलीये? घरातल्या सगळ्यांचा सण नीट पार पडावा म्हणून ती आपली पाळी आठ दिवस पुढे ढकलते. आणि वर लाजायचंही तिनेच.

दर्शना घाडीगावकर पंचवीस-सव्वीस वर्षं अशीच लाजली. दर गणपतीला गोळी. झालंच तर घरात सत्यनारायण असला, भावकीत कुणाचं लग्न असलं, तरी गोळी. नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं की बाकीचे सुट्ट्या मोजायचे आणि ही बोटांवर आपल्या तारखा मोजायची. सण आला म्हणून खूश व्हायचं की नाही, ते त्यानंतर ठरायचं.

लग्न होऊन ती कणकवलीजवळच्या गावातून इथल्या चाळीत आली. खोली एक, वर पोटमाळा, मागे मोरी, बाहेर लांबच लांब गॅलरी. सासरे गिरणीतले. गावच्या घरात भावकीची भांडणं लागली म्हणून त्यांनी गणपती याच खोलीत आणायला सुरुवात केली होती. पहिल्या गणपतीच्या आधी सासूने, गंगुबाईने, तिला मोरीपाशी बोलावलं आणि हातावर गोळी ठेवली. म्हणाली, "घे गो. आमच्या टायमाक हे नाय होते."

आता इथे गंगुबाईच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. पण तिचंही ऐका. तिची अडचण आली की तिला गॅलरीच्या टोकाला गोणपाटावर बसवायचे. तोंडात ब्रश घालून संडासाच्या रांगेला निघालेले पुरुष तिच्याकडे बघत पुढे जायचे. घाडीगावकरांची सून बाहेरची आहे, हे अख्ख्या मजल्याला कळायचं. दीर हसायचे. पोर रडून आकांत करायचं, तरी जवळ घ्यायची सोय नव्हती. अशा बाईला गोळी म्हणजे सुटकाच वाटणार. आपण भोगलं ते सुनेच्या वाट्याला नको, म्हणून तिने ती मायेने दिली. संताप येतो तो याचाच. गोणपाट गेलं, गोळी आली, आणि या सगळ्यात घरातल्या एकाही पुरुषाला जागचं हलावं लागलं नाही.

गोळी बंद झाल्यावर पुढे काय व्हायचं, ते दर्शनाचं दर्शनाला ठाऊक. पोटात पिळवटून यायचं, आठ-आठ दिवस अंगावरून जायचं, डोकं ठणकत राहायचं. विसर्जन झालं की सगळी चाळ सुस्तावून झोपा काढायची आणि ही भिंत धरून मोरीत जायची. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तिचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बघून विचारलं, "अहो, कोणी सांगितलं तुम्हाला एवढ्या घ्यायला?" दर्शना काय सांगणार? "घरात गणपती असतो," म्हणाली. घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं. जगदीश म्हणाला, "त्या डॉक्टरणीच्या घरी गणपती नसेल." आणि त्याने पेपर उघडला.

जगदीश वाईट नाही हो. शिवडीला एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे, दारू पीत नाही, हात उचलत नाही. आपल्याकडे नवरा चांगला ठरायला एवढं पुरतं. बायकांचं बायकांनी बघावं, एवढंच त्याचं म्हणणं. आणि बायकांचं म्हणजे काय, तर त्याचं जेवण, त्याचा देव, त्याचे पाहुणे, त्याची म्हातारी आई.

मुलगा राजस कॉलेजात गेला तशी दर्शना दादरला नम्रताताईंच्या पोळी-भाजी केंद्रात लागली. पोळ्या लाटायला म्हणून गेली आणि उकडीच्या मोदकांसाठी नावाजली. गणपतीत तिथे नुसती धुमश्चक्री. पहाटेपासून बायका ओळीने बसायच्या. एक उकड मळतेय, एक सारण ढवळतेय, बाकीच्या भराभरा पारी करून कळ्या पाडतायत. दादर, प्रभादेवी, शीव, कुठल्या कुठल्या घरच्या गणपतींसमोर ते मोदक जायचे. एवढ्या बायकांत रोज कोणाची ना कोणाची तारीख असायचीच की. नम्रताताईंनी कधी विचारलं नाही. बाथरूममधल्या फळीवर पॅडचा पुडा आणून ठेवायच्या, तो संपला की दुसरा. गिऱ्हाईकही विचारत नसे. गिऱ्हाईक विचारायचं, तूप चांगलं आहे ना, गूळ कोल्हापूरचा आहे ना.

हे दर्शनाला दिसत नव्हतं असं नाही. कामावर तिने पाळीत ढिगाने मोदक वळले होते आणि कुठल्याच देवाने तक्रार केली नव्हती. पण चतुर्थीची सुट्टी घेऊन ती घरी थांबायची, आणि घरच्या एकवीस मोदकांसाठी त्याच हातांना गोळी लागायची. सांगितलेलं करायचं. इतकी वर्षं केलं, यंदा न करायला काय झालं, असं स्वतःलाच समजवायचं.

यंदा राजसचं लग्न झालं. मनवा शीवची, एका सीएच्या ऑफिसात नोकरी करणारी. पोरगी सरळ. लग्न ठरायच्या आधीच तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मावसबहिणीच्या लग्नात अडचण नको म्हणून तिने ती गोळी घेतली होती. पोटरी सुजली, पायात रक्ताची गाठ झाली, हॉस्पिटलात राहावं लागलं, पुढे कितीतरी महिने औषधं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही गोळी आता आयुष्यात घ्यायची नाही. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. राजस म्हणाला, "आमच्याकडे असलं काही नसतं." बरोबरच आहे, त्याच्याकडे नसतंच.

मग गंगुबाईने पंचांग काढलं. नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. गौरीपुढे सुपं भरून पूजायची, मग ती थोरामोठ्यांना देऊन पाया पडायचं. तो दरवर्षी होत नाही, नक्षत्र जुळावं लागतं. नाही जुळलं तर सून वर्ष-दोन वर्षं थांबते. यंदा जुळत होतं. आणि मनवाची तारीख नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी.

"दर्शना, गोळये आणून ठेव," गंगुबाई म्हणाली. "चतुर्थीपासून सुरू केल्यान की झाला."

आणि दर्शनाने आणल्या. सवयच ती. कामावरून येताना मेडिकलवर थांबली, पाकीट घेतलं, कोथिंबिरीखाली घातलं. घरी येऊन मनवापुढे ठेवलं तशी त्या पोरीने नकळत आपली पोटरी हाताने धरली. "मम्मी, मी सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाली. आपण सुनेला काय आणून दिलं, ते दर्शनाला पाकीट पुढे केल्यावर दिसलं.

राजस पलंगावर मोबाइल घेऊन पडला होता. मान वर न करता बोलला, "अगं, यावर्षीच तर घ्यायचीयेस. मम्मीने किती वर्षं घेतल्या. काय झालं तिला?"

दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच खोलीत हा पोरगा लहानाचा मोठा झाला. आईला भिंत धरून चालताना याने डोळ्यांनी बघितलं. आणि तो विचारतोय, काय झालं तिला.

"मनवा गोळी घेणार नाही," ती म्हणाली. "आणि यंदा मीही घेणार नाही. माझी तारीख चतुर्थीच्या आदल्या दिवसाची आहे, आधीच सांगून ठेवते."

जगदीशने पेपर खाली घेतला, म्हणजे बघा. "मग नैवेद्य कोण करणार?" त्याने विचारलं.

सुनेच्या पायातल्या गाठीबद्दल एक शब्द नाही. नैवेद्य कोण करणार.

"हात तुम्हालाही आहेत," दर्शना म्हणाली आणि भात टाकायला उठली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. गंगुबाईने गोळ्यांची पट्टी देवाच्या फळीवर नेऊन ठेवली. "चतुर्थीक घेतली तरी चलता," असं येता-जाता मनवाला ऐकवू लागली. जगदीशने बायकोशी अबोला धरला. चहा मात्र रोज तिच्याच हातचा प्यायचा, अबोल्यात चहा बसत नाही बहुतेक. शेजारणी येऊन शहाणपण शिकवून गेल्या. राजसने तर कमाल केली. डॉक्टरांना विचारायचं सोडून मेडिकलवाल्याला विचारून आला. "तो म्हणतो काही होत नाही. आजीचं वय झालंय, तिच्या समाधानासाठी घे ना." रोज थोडं थोडं, लाडीगोडीने.

एका सकाळी मनवा नळापाशी दर्शनाजवळ येऊन म्हणाली, "मम्मी, घेऊन टाकू का? रोजची कटकट नको वाटते."

"पाय तुझा आहे," दर्शना म्हणाली. "पुन्हा गाठ झाली तर हॉस्पिटलात तू पडणार, ते नाही. घ्यायची नाही."

"हो," मनवा म्हणाली. पण त्या होकारात जोर नव्हता, आणि तो दर्शनाला ऐकू आला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दर्शनाची पाळी आली. लगेच तिला उंबऱ्याबाहेर काढलं. अंथरूण शेजारच्यांच्या पोटमाळ्यावर, जेवण गॅलरीत खुर्चीवर. वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी. त्यात नम्रताताईंचा फोन आला की हात कमी पडतायत, दर्शना, काही जमतंय का बघ. चतुर्थीला पहाटे ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, मी कामावर जाते." गंगुबाई आतून म्हणाली, "जा, जा." कोणीही अडवलं नाही. कोणाला काही खटकलंही नाही. ती कुठे जाते, तिथे जाऊन काय करते, हे सगळ्यांना माहीत होतं.

इकडे घरी मनवा आणि राजस मोदक करायला बसले. मनवाच्या माहेरी मोदक विकतचे यायचे. राजसने मोबाइलवर व्हिडिओ लावला. पाणी जास्त पडलं म्हणून आणखी पिठी घातली, मग उकडीच्या गाठी झाल्या. वळलेले मोदक पात्रात फुटले आणि सारण खाली गळलं. गंगुबाईची बोटं संधिवाताने वाकलेली, तिला नुसतं बघत बसावं लागलं. भटजी यायची वेळ झाली. जगदीश खाली उतरला, चार दुकानं फिरला, कुठे एक मोदक शिल्लक नाही. अबोला विसरून त्याने बायकोला फोन केला.

"मी येतोय दादरला. एकवीस मोदक बाजूला काढून ठेव. बाहेर लाइन असेल, तुझ्या मालकिणीला सांग घरचाच माणूस आहे."

तो आला तेव्हा काउंटरला ही गर्दी. दर्शना आतून खोका घेऊन आली. हाताला अजून तूप होतं. त्याने गर्दीतून हात लांब करून तिच्या हातातून खोका घेतला. घरी आदल्या दिवसापासून तिच्या सावलीपासून लांब राहत होता तो माणूस.

"कोणी वळलेत ते विचाराल की नाही?" दर्शना म्हणाली.

"कोणी का वळेना. गरम आहेत ना?" तो म्हणाला आणि टॅक्सी पकडायला पळाला.

ती तिथेच उभी राहिली. मागच्या गिऱ्हाइकाने बाई, बाजूला व्हा, म्हटलं तेव्हा आत गेली. हा माणूस थट्टा करत नव्हता, आणि हेच तिला जास्त लागलं. त्याच्या डोक्यात खरंच आलं नव्हतं. घरातली बाई विटाळ होते आणि दुकानातली बाई मोदक होते. दोन्ही एकच बाई आहे, हे त्याला लग्नाला एवढी वर्षं होऊनही दिसलं नव्हतं.

दुपारी ती लालबागला परतली तेव्हा आरती, नैवेद्य सगळं उरकलं होतं. पाहुणे जेवून गेले होते आणि घरचे जेवत होते. ती दाराशी आली तशी गंगुबाई पानावरून म्हणाली, "भायरच रव गो." दर्शना बाहेर उभी राहिली. आत समोर गणपती, त्याच्यापुढे केळीच्या पानावर तिने वळलेले मोदक.

"बाजारचे असान पण मऊ झाले हत," गंगुबाई म्हणाली आणि आणखी एक वाढून घेतला. जगदीशने तूप मागितलं.

मग गंगुबाईने राजसला देवाच्या फळीवरून ती पट्टी काढायला सांगितली. मनवाच्या पानाशेजारी पट्टी ठेवली, पाण्याचा पेला ठेवला. "आज सुरू कर. देवासमोर घे, काय होवचा नाय."

"घे ना," राजस म्हणाला. "एकदाचा विषय संपव."

मनवाने दाराकडे बघितलं. मग खाली बघितलं आणि तिचा हात पट्टीकडे गेला.

दर्शनाने चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत आली.

जगदीश पानावरून अर्धा उठला. "दर्शना, शुद्धीवर आहेस ना?"

"आहे. आई, मोदक कसे झालेत?"

गंगुबाई भांबावली. "बरे झालेत. त्याचा आता काय?"

"मी वळलेत. पहाटेपासून तिथे बसून मीच वळलेत. आज माझा दुसरा दिवस. आणि यांनी खोका माझ्या हातातून घेतलाय, यांना विचारा. कोणी वळले ते विचाराल की नाही म्हटलं, तर म्हणाले, कोणी का वळेना, गरम आहेत ना."

गंगुबाईने मुलाकडे बघितलं. जगदीश वरण-भात कालवत बसला. त्याचा तो चेहरा बघून गंगुबाईला जे समजायचं ते समजलं. तिच्या हातात अर्धा मोदक होता, तो धड पानात ठेवेना की तोंडात घालेना.

"गोमूत्र आण रे," ती शेवटी म्हणाली.

"शिंपडा," दर्शना म्हणाली. "खोलीभर शिंपडा, माझ्यावर शिंपडा. पण मोदक तुमच्या पोटात गेले, तिथे कसं शिंपडणार? दादरला हे हात चालतात. या हातांच्या कमाईवर राजसची फी गेली, तेव्हा चालले. घरात आले की बाटतात होय?"

"मम्मी, बस कर ना," राजस म्हणाला. "आजीला त्रास होतोय."

दर्शना त्याच्याकडे वळली. "त्या दिवशी तू विचारलंस, काय झालं मम्मीला. आता ऐक. अंगात रक्त राहिलं नाही माझ्या. दोनदा चक्कर येऊन पडले. एकदा याच मोरीत पडले, गौरीच्या दिवशी. तू इथे बसून टीव्ही बघत होतास. मी हाक मारली नाही तुला, कारण पाहुणे होते. माझी मीच उठले आणि येऊन पुऱ्या तळल्या. हे झालं मम्मीला."

तिने मनवासमोरची पट्टी उचलली आणि राजसच्या हातात दिली.

"ही गोळी तिला द्यायचीये ना तुला? दे. पण आधी तिच्या डॉक्टरांना फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर, स्पीकरवर. आणि सांग त्यांना, माझ्या बायकोच्या पायात गाठ झाली होती, मला माहीत आहे, तरी मी तिला ही गोळी देतोय."

"मम्मी, काहीतरी काय बोलतेस," राजस पुटपुटला. "आज सुट्टी आहे, कोण उचलणार."

"उचलतील," मनवा म्हणाली. "त्यांनी आपल्या दोघांना नंबर दिलाय. लग्नाआधी तू माझ्याबरोबर आला होतास त्यांच्याकडे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होतास. पुन्हा गाठ झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते, जिवावर बेतेल, हे त्यांनी तुझ्याकडे बघून सांगितलं होतं, राजस. लाव फोन."

गंगुबाईने मान वर करून नातवाकडे बघितलं. जिवाची गोष्ट तिच्या कानावर आजवर कोणी घातली नव्हती. जगदीशनेही बघितलं. फोन राजसच्या मांडीवरच होता. त्याने तो उचलला नाही. हातात गोळ्यांची पट्टी होती आणि सगळ्यांच्या देखत ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.